मेनोनाइट शेतकऱ्याचा मृत्युलेख मराठीत आणताना: तारखा, शब्द आणि वाटणी

जुनीवही (धागाकर्ता)

दक्षिण रशियातून (आजचं युक्रेन) १८७४ मध्ये कॅनडात मॅनिटोबाला गेलेल्या एका मेनोनाइट (युद्ध आणि शपथ नाकारणारा, मोठेपणी बाप्तिस्मा देणारा ख्रिस्ती पंथ) शेतकऱ्याचा मृत्युलेख जर्मनमधून मराठीत करायचा आहे. हस्तलिखित दोन पानांचं आहे. घराण्याचं नाव इथे देत नाही. सार असं:

मोलोच्ना वसाहतीत जन्म. १८६४ च्या पेंटेकॉस्टला (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) बाप्तिस्मा. १६ नोव्हेंबर १८६५ रोजी लग्न. संसार २६ वर्षं ४ महिने, ११ मुलं, त्यांतली ५ 'त्याच्या आधी अनंतात गेली'. १८७४ मध्ये बायकोमुलांसह मॅनिटोबाच्या ईस्ट रिझर्व्हमध्ये (मेनोनाइटांसाठी राखलेला भाग). १८८० मध्ये 'लेहरर' (शब्दशः शिक्षक) म्हणून निवड. पहिली पत्नी गेल्यावर पाच महिन्यांत एका विधवेशी लग्न, त्यातून २ मुलं. अकरा आठवडे 'वासरझुख्त' हा आजार. ९ मार्च १९१४ ला पहाटे मृत्यू, वय ७० वर्षं ५ महिने १७ दिवस.

वयावरून मागे मोजलं तर जन्मतारीख २२ सप्टेंबर १८४३ येते, पण मंडळीच्या वहीत १० सप्टेंबर आहे. आयुष्यभर शेती केलेला माणूस अचानक शिक्षक कसा झाला? 'वाइझेनआम्ट'ने निम्मं घेतलं असं एक वाक्य आहे, तो दंड होता का? आणि आयुष्याला अर्धं पान तर आजारपण नि मरणाला दीड पान, हे प्रमाण मला विचित्र वाटतं. भाषांतरात मरणाचा भाग थोडा आवरता घ्यावा का?

---

तिथीवार

तारखेचं आधी सांगतो, ते सोपं आहे. तुमच्या दोन्ही तारखा बरोबर आहेत. रशियात तेव्हा ज्युलियन पंचांग चालायचं, कॅनडात ग्रेगोरियन. १९ व्या शतकात दोहोंत १२ दिवसांचं अंतर होतं. १० सप्टेंबर (जुनं) अधिक १२ म्हणजे २२ सप्टेंबर (नवं). कॅनडात आल्यावर कुटुंबाने जन्मतारीख नव्या पंचांगात बदलून घेतली आणि वय त्यावरून मोजलं, एवढंच.

इथे नेहमीची चूक म्हणजे १३ दिवस मिळवणं. मृत्यू १९१४ चा, म्हणून २० व्या शतकाचं अंतर लावलं जातं. ते १३ झालं १९०० च्या फेब्रुवारीनंतर. ज्या शतकात घटना घडली त्या शतकाचं अंतर लावायचं. म्हणजे जन्म, बाप्तिस्मा, पहिलं लग्न यांना १२. स्थलांतरानंतरच्या तारखांना काहीच मिळवायचं नाही.

'७० वर्षं ५ महिने १७ दिवस' उलटं मोजताना क्रम पाळा: आधी वर्षं वजा, मग महिने, शेवटी दिवस. उलट क्रमाने केलं तर महिन्यांच्या लांबीमुळे एकदोन दिवस इकडेतिकडे होतात. लिहिणाऱ्यांपैकी काही जण प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरत, त्यामुळे एक-दोन दिवसांच्या फरकावर डोकं फोडू नका. बरोबर १२ चा फरक आला की मात्र समजायचं, पंचांग बदललंय.

लग्नाची १६ नोव्हेंबर जुनी की नवी हे लेखात लिहिलेलं नसणार. वहीशी ताडून पाहा. आणि मराठीत सगळ्या तारखा नव्या करून टाकू नका. मूळ तारीख ठेवा, कंसात दुसरी द्या, नाहीतर पुढचा वाचणारा परत १२ मिळवेल.

---

कुरेंट

'लेहरर' म्हणजे इथे शाळामास्तर नव्हे. रशियन मेनोनाइटांच्या जुन्या लिखाणात लेहरर म्हणजे उपदेशक. शाळेच्या मास्तराला ते 'शूललेहरर' म्हणतात. ही चूक छापील इंग्रजी भाषांतरांतही सापडते, त्यामुळे तुमची फसगत झाली तर नवल नाही.

पदांची उतरंड अशी. वर 'एल्टेस्टर': बाप्तिस्मा देणं आणि प्रभुभोजन वाटणं हे फक्त तोच करू शकतो. त्याखाली लेहरर: उपदेश, लग्न लावणं, दफनविधी. मग 'डियाकोन', म्हणजे गरिबांचा निधी सांभाळणारा. मराठी बायबलमधला 'वडील' हा शब्द एल्टेस्टरला लावू नका, वाचक त्याला बाप समजेल. 'ज्येष्ठ' चालेल, पण पहिल्यांदा आला की मूळ शब्द द्यावा. डियाकोनला 'सेवक' हा मराठी ख्रिस्ती शब्द आहेच. 'बाप्तिस्मा', 'प्रभुभोजन', 'मंडळी' हेही तयार आहेत. 'चर्च' लिहायची गरज मला कुठेच दिसत नाही. या लोकांच्या लेखी चर्च म्हणजे इमारत नव्हे, बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांची मंडळी.

लेहररला पगार नसायचा. बाप्तिस्मा झालेले पुरुष मतं देऊन आपल्यातलाच कुणी निवडत आणि तो आयुष्यभर त्या पदावर राही. (पेनसिल्व्हेनियाच्या स्विस वंशाच्या मेनोनाइटांत चिठ्ठी टाकून निवड होई: उमेदवारांपुढे सारखी पुस्तकं, एकात चिठ्ठी, ज्याने ते उचललं तो उपदेशक. ती पद्धत या लेखात घुसडू नका.) शेती चालूच. रविवारचा उपदेश हाताने लिहून काढायचा, गावोगाव घोडागाडीने जायचं, घरचं काम बायको नि मुलांवर. म्हणून 'निवड झाली' हे वाक्य अभिनंदनाच्या सुरात आणू नका. या लेखांत ते बहुधा ओझं म्हणून येतं. मूळ सूर पाहा.

पत्रांत लेहररला 'ओम' म्हणतात. शब्दशः मामा किंवा काका, पण नात्यातला नव्हे, आदराचा. मराठीत नावापुढे 'काका' लावलं की अगदी बसतं, मात्र वंशावळ काढणाऱ्याने फसू नये.

आणखी एक खड्डा: 'ब्रांडएल्टेस्टर' असा शब्द दिसला तर तो धर्मातला नाही. आगीच्या परस्पर विम्याचा गावकारभारी.

हस्ताक्षराबद्दल: त्या काळच्या जर्मन हस्तलिपीत (कुरेंट) 'ए' आणि 'एन' जवळपास सारखे दिसतात, लांब 'एस' आणि 'एफ' यांचाही घोटाळा होतो. 'यू'वर बारीक वक्र रेघ असते ती शोधा, तिच्यावरून बाकीची अक्षरं सुटतात. आडनावं आधी वाचू नका. 'आणि', 'आमेन', महिन्यांची नावं अशा ओळखीच्या शब्दांतून लिहिणाऱ्याची अक्षरं उचला, मग नावांकडे या.

---

बांधावर

वाइझेनआम्ट: शब्दशः अनाथ-कचेरी. दंड वगैरे काही नाही, आणि तिने निम्मं 'घेतलं' नाही, वेगळं काढलं.

ही मंडळीने चालवलेली व्यवस्था. शपथ घेणं निषिद्ध, भावंडांनी एकमेकांना कोर्टात खेचणं निषिद्ध, मग वारसाचं करायचं काय? तर नियम ठरलेला. नवरा किंवा बायको गेली की आधी कर्ज फेडायचं. उरलेल्यातलं निम्मं मागे राहिलेल्या जोडीदाराचं. दुसरं निम्मं मुलांत समान, मुलगा-मुलगी भेद नाही. मुलांसाठी पालक नेमले जात, विधवेलाही मदतनीस. अज्ञान मुलांचा पैसा वाइझेनआम्टकडे व्याजाने राही आणि हाच पैसा शेतकऱ्यांना कर्ज म्हणून मिळे. दुसरं लग्न करायचं तर आधी वाटणी लिहून द्यायची. ती झाल्याशिवाय लग्न लागत नसे.

आकड्यात पाहा (आकडे माझे, रीत त्यांची). १८९२ मध्ये पहिली पत्नी गेली तेव्हा कर्ज वजा जाता ३,६०० डॉलरची मालमत्ता धरू. १,८०० बापाचे. १,८०० सहा हयात मुलांचे, प्रत्येकी ३००. शेत मोडायचं नसतं, म्हणून बाप ते शेत ठेवतो आणि मुलांचे ३०० त्याच्या नावावर देणं म्हणून चढतात. जो तो सज्ञान झाला की फेडायचे. १९१४ मध्ये तो गेला, तेव्हा समजा ६,४०० राहिले. ३,२०० दुसऱ्या पत्नीचे, बाकी आठ मुलांना प्रत्येकी ४००. पहिल्या सहांना आईचे ३०० आधीच मिळालेत, ते यातून कापत नाहीत, तो वेगळा हिशोब. विधवेने आणलेल्या मुलांचा वाटा त्यांच्या स्वतःच्या बापाच्या मरणाच्या वेळी ठरलेला असतो. तो कुटुंबाच्या डोक्यावर कर्ज म्हणून येतो, म्हणून निव्वळ मालमत्ता काढण्याआधी वजा करायचा. इथे लोक हमखास चुकतात आणि मग 'सावत्र मुलांना काही दिलं नाही' असा निष्कर्ष काढतात.

वाटणीपत्र सापडलं तर मृत्युलेखापेक्षा जास्त बोलेल. त्यात गाई किती, नांगर किती, कुठल्या मुलाला बायबल, मुलींना लग्नात काय द्यायचं, पोरांना लिहा-वाचायला शिकवायची जबाबदारी कुणाची, असं सगळं असतं.

आता ते पाच महिने. 'लगेच दुसरं लग्न' असा सूर मराठीत लागेल, तो टाळा. घरात लहान पोरं, गोठा, दूधदुभतं. तिकडे विधवेचीही शेती आणि पोरं. दोन मोडकी घरं जोडून एक चालतं घर करायचं, आणि मंडळीच्या दृष्टीने हे कर्तव्य. पाच महिने म्हणजे त्या काळी उशीरही नाही नि घाईही नाही.

---

कुरेंट

बांधावर यांच्या हिशोबाला पुस्ती. रशियातल्या मूळ वसाहतीत पूर्ण शेत म्हणजे ६५ देस्यातिना, साधारण ७१ हेक्टर, १७५ एकर. त्याचे तुकडे करायला बराच काळ बंदी होती. 'फोलविर्ट' म्हणजे पूर्ण शेताचा मालक, 'हाल्बविर्ट' अर्ध्याचा, 'आनव्होनर' म्हणजे गावाच्या कडेला झोपडं नि परसू असलेला बिनजमिनीचा. १८६० च्या दशकात मोलोच्नात निम्म्याहून जास्त कुटुंबं बिनजमिनीची होती. लेखात बापाच्या नावापुढे यातलं काय आहे ते बघा. मॅनिटोबात २१ वर्षांच्या पुरुषाला १० डॉलर भरून १६० एकरांचा होमस्टेड (वसून कसण्यासाठी सरकारी जमीन) मिळे. आनव्होनरच्या पोरासाठी हा फार मोठा फरक, आणि 'श्रद्धेसाठी देश सोडला' या वाक्यामागे हेही उभं असतं. दोन्ही खरं असू शकतं.

---

जुनीवही

बापाच्या नावापुढे 'आनव्होनर'च आहे. मी ते 'रहिवासी' केलं होतं. बदलतो.

पण मग स्थलांतराचं खरं कारण काय लिहू? लेखात फक्त 'विवेकबुद्धीसाठी' आहे. आणि मरणाच्या दीड पानाबद्दल अजून कुणी बोललं नाही.

---

तिथीवार

कारण तुम्ही लिहू नका, लेखात आहे तेच ठेवा. टीप द्यायची तर ही: १७८९ पासून मेनोनाइट त्या भागात वसले ते लष्करी सेवेतून सूट मिळेल या वचनावर. १८७० नंतर ती सूट जाणार हे दिसू लागलं आणि जानेवारी १८७४ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा आला. १८७३ मध्ये बारा प्रतिनिधी अमेरिका-कॅनडा बघून आले. कॅनडा सरकारने त्याच वर्षी २३ जुलैच्या पत्रात लष्करातून सूट आणि स्वतःच्या शाळा यांचं वचन दिलं. त्या दशकात सुमारे १८,००० गेले, बहुतेक जण कॅन्सस, नेब्रास्कासारख्या अमेरिकी राज्यांत, सात-साडेसात हजार मॅनिटोबात.

तुमचा माणूस तेव्हा तिशीचा. भरती विशीतल्या पोरांची. म्हणजे कायद्याने त्याला स्वतःला काही होणार नव्हतं. लग्न १८६५ चं, थोरलं पोर सात-आठ वर्षांचं असणार. त्याने देश सोडला तो पोरांच्या पुढच्या बारा-तेरा वर्षांचा हिशोब करून. लेखात हे कुठे नाही, पण तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं. टीपेत घालायचं तर हेच घाला.

दुसरं: जन्म मोलोच्नाचा आणि वस्ती ईस्ट रिझर्व्हची, म्हणजे बहुधा 'क्लाइन गेमाइंडे' (शब्दशः छोटी मंडळी) हा मेनोनाइटांतला गट. त्या भागातले दुसरे लोक बेर्गताल वसाहतीतून आले, ते मूळ खोर्टित्साचे. असं असेल तर १८८२ कडे लक्ष द्या. त्या सुमारास जॉन होल्डेमान या अमेरिकेतल्या मेनोनाइट उपदेशकाच्या चळवळीत क्लाइन गेमाइंडेचे एल्टेस्टर पेटर टेव्ज आणि मॅनिटोबातली जवळपास एक तृतीयांश मंडळी गेली, आणि गेलेल्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. लेखात बाप्तिस्म्याची एकच तारीख असेल तर हा माणूस मागे राहिला. लेहरर होऊन दोनच वर्षं झालेली, ज्येष्ठ सोडून गेलेला, भावंडं बहुधा दोन्हीकडे. लेख १८८२ वर गप्प असेल तर ती गप्प जागा मोकळी ठेवा, भरू नका.

---

पायरीवरती

मरणाच्या दीड पानाबद्दल. आवरतं घेऊ नका, एक शब्दही गाळू नका. लेख त्यासाठीच लिहिलेला आहे, आधीचं अर्धं पान ही प्रस्तावना.

या लोकांच्या लेखी माणसाचं कौतुक करणं म्हणजे त्याच्या नावाने गर्व करणं. त्यामुळे 'कष्टाळू', 'प्रेमळ बाप' असं काही सापडणार नाही. प्रेमळ बाप होता हे कळतं ते अखेरच्या दिवसांतून: कुणाला बोलावलं, कुणाची क्षमा मागितली, कुठल्या मुलाच्या वाटेकडे डोळे लावले, कुठलं गीत म्हणायला सांगितलं. शेवटी शुद्धीवर होता का, भीती वाटली का, वेदना गुपचूप सोसल्या का, हे नोंदवणं मागे राहिलेल्यांसाठी साक्ष असते. 'गेलासेनहाइट' शब्द येईल. त्याला 'शांतता' म्हणू नका. स्वतःची इच्छा सोडून देवाच्या हाती देणं, असा अर्थ आहे. 'समर्पण' जवळचा. 'निमूटपणे' हे क्रियाविशेषण काही ठिकाणी त्याहून चांगलं बसतं.

'जिवंत आशेने गेला' अशी ओळ असेल तर तशीच ठेवा. जुन्या वळणाच्या मंडळींत 'माझं तारण झालंच आहे' असं ठासून म्हणणं उद्धटपणाचं मानत, फक्त आशा धरायची. 'तारणाची खात्री होती' असं भाषांतर केलंत तर माणूस दुसऱ्याच पंथाचा होईल. १८६० मध्ये वेगळे झालेले मेनोनाइट ब्रदरन गटाचे लोक खात्रीने बोलत. त्यांच्या लेखांत मनपालट झाल्याची तारीख असते आणि बाप्तिस्मा पाण्यात बुडवून. तुमच्या माणसाचा बाप्तिस्मा डोक्यावर पाणी ओतून झालेला असणार. त्यामुळे 'बाप्तिस्म्यासाठी नदीत उतरला' अशी सजावट नको.

मुलांच्या बाबतीत 'आधी अनंतात गेली' हे ठेवा. मराठीत 'दगावली' सहज येईल, पण मूळ वाक्यात मुलं हरवलेली नाहीत, पुढे गेलेली आहेत. म्हणून तर अकरा हा आकडा कायम अकराच राहतो, सहा होत नाही.

रोगांची नावं. 'वासरझुख्त' म्हणजे अंगात पाणी साचून येणारी सूज, बहुतेकदा हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होत चालल्याची. शब्दकोश 'जलोदर' देतो, पण जलोदर पोटापुरता. लेखात पाय सुजणं, झोपता न येणं, खुर्चीत बसून रात्र काढणं असेल तर 'अंगावर सूज, पाणी' लिहा. मुलांपैकी कुणाला 'ब्रॉयने' असेल तर घटसर्प किंवा तसला घशाचा आजार. 'श्विंडझुख्त' आणि 'आउसत्सेरुंग' दोन्ही क्षय. 'नेर्फनफीबर' मज्जातंतूंचा ताप नाही, टायफॉइड किंवा टायफस. 'श्लाग' हा मार किंवा धक्का नसून पक्षाघाताचा झटका. हा शेवटचा शब्द कहर करतो. एखाद्या बापाला 'घाव बसून' मारणारी भाषांतरं असतात.

---

बांधावर

दफनाच्या परिच्छेदात बहुधा एक पत्र घरोघर फिरल्याचा उल्लेख असेल. निमंत्रणपत्र एकच लिहायचे, खाली नावांची यादी, प्रत्येक घराने वाचून पुढच्याकडे पोचवायचे. शेजारणी पीठ वाटून घेऊन आपापल्या भट्टीत 'त्स्वीबाक' भाजत. हे शब्दकोशातलं टोस्ट नव्हे. रशियन मेनोनाइटांचं त्स्वीबाक म्हणजे एकावर एक दोन गोळे ठेवून भाजलेला मऊ पाव, वरचा लहान, खालचा मोठा. (प्रवासासाठी तोच वाळवून कडक करत, घोटाळा तिथून.) सोबत कॉफी आणि साखरेचे खडे. 'मेजवानी' लिहू नका. 'दफनानंतरचं खाणं' पुरे.

पेटी गावच्या सुताराची. कबरीवर दगड शोधायला जाल तर बहुधा मिळणार नाही, अशा मंडळ्यांत दगड न लावण्याचीच रीत होती. नाव वहीत शोधायचं, दफनभूमीत नाही.

---

जुनीवही

'लेहरर', 'आनव्होनर', 'श्लाग', तिन्ही दुरुस्त केले. 'श्लाग' दुसऱ्या पत्नीच्या पहिल्या नवऱ्याला होता आणि मी त्याला खरंच घोड्याच्या लाथेने मारलं होतं.

शेवटचं एक. मृत्यूनंतर सात आठवड्यांनी 'आउसरूफ' झाला असं शेवटच्या ओळीत आहे. शब्दशः 'हाक'. प्रार्थनेचा काही प्रकार?

---

बांधावर

लिलाव. हाक देऊन बोली लावतात म्हणून. शेतीची अवजारं, जनावरं, घरातलं सामान, सगळं अंगणात मांडायचं. विकत घेणारे बहुतेक नातेवाईक आणि शेजारी. विधवेला हवं ते तिच्या निम्म्यात धरून आधीच बाजूला काढलेलं असे. लिलावाची यादी वाइझेनआम्टच्या कागदांत जोडलेली असते: वस्तू, किंमत, घेणाऱ्याचं नाव. तुमच्या लेखातल्या आठ मुलांपैकी कोण कुठल्या गावात राहत होतं हे त्या तिसऱ्या रकान्यातून निघेल. मॅनिटोबात १९१६ च्या शाळासक्तीनंतर बरेच लोक १९२२ पासून मेक्सिकोला आणि १९२६-२७ मध्ये पॅराग्वेला गेले, क्लाइन गेमाइंडेचे काही १९४८ मध्ये मेक्सिकोला. तेव्हा नातवंडांचा माग तिकडच्या वह्यांतही काढा. 'ग्रँडमा' या मेनोनाइट वंशावळीच्या संग्रहात प्रत्येक माणसाला क्रमांक असतो, त्यावरून सुरुवात सोपी जाते. पण तिथली तारीख दिसली की जुनी की नवी हे परत वहीवरूनच ठरवा.